खलनायकाला स्वतःचं वकीलपत्र देऊ नका

तुमची पटकथा मी वाचलेली नाही, पण प्रश्नात तुम्ही गोष्ट बऱ्यापैकी सांगितली आहे. इतर वाचकांसाठी ती आधी थोडक्यात मांडते. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ११ वर्षं कारकुनी केलेला माणूस. काटामारीचा बोभाटा झाल्यावर वरच्यांनी सगळं त्याच्या अंगावर ढकललं आणि त्याला घरी बसवलं. संसार मोडला, गावाने बोलणं टाकलं. शेवटी तो चेअरमनच्या पुतण्याला उचलून नेतो आणि पान ९१ वर वृत्तवाहिनीच्या कॅमेऱ्यासमोर साडेतीन पानं बोलतो: व्यवस्था कशी कुजली आहे, समाज गरिबाला गुन्हेगार कसा बनवतो. ज्यांना वाचायला दिलं ते सगळे म्हणाले, ‘इथे भाषण झालं.’ तुमचं म्हणणं असं, की ‘जोकर’च्या शेवटीही भाषणच आहे, तो जगभर चालला, मग माझंच का खटकतं? आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की हा कारकून स्वतः माप मारतो तो प्रसंग, सहानुभूती जाईल या भीतीने, दुसऱ्या ड्राफ्टमध्ये काढून टाकला.

मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर या जाता जाता लिहिलेल्या वाक्यात आहे. तिथे येतेच. मी २२ वर्षं नाटकांसाठी आणि चित्रपटांसाठी संवाद लिहिते, आणि त्यातली बरीच वर्षं माझ्याकडे वाईट माणसांचीच कामं आली. त्यामुळे हे दुखणं मी जवळून पाहिलेलं आहे.

आधी एक कबूल करायला हवं. संदेश उघड बोलू नये असा काही कायदा नाही. आपला कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. श्रोते दोन्हींसाठी येऊन बसलेले असतात. वगातला सोंगाड्या राजाला तोंडावर सुनावतो आणि लोक त्याचीच वाट पाहत असतात. पथनाट्य चौकात दहा मिनिटांत उरकायचं असतं, तिथे आडून बोलत बसलात तर माणसं निघून जातात. खलनायक जर पुढारी असेल, बुवा असेल, तर भाषण हेच त्याचं हत्यार असतं. त्याला खुशाल दोन पानं बोलू द्या, कारण प्रेक्षक त्याचं म्हणणं ऐकतानाच त्याचं हत्यार कसं चालतं तेही बघतो. तेव्हा तुमचा चित्रपट कुठे आणि कुणासमोर लागणार आहे यावर काही गोष्टी अवलंबून आहेत, आणि त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. पण तुमचा माणूस बोलून पोट भरणारा नाही. ११ वर्षं आकडे लिहिणारा माणूस आहे. त्याच्या तोंडी एकाएकी अग्रलेख आला की वाचणारा दचकणारच.

आता ‘जोकर’. टॉड फिलिप्स आणि स्कॉट सिल्व्हर यांनी लिहिलेला, फिलिप्सनेच दिग्दर्शित केलेला २०१९ चा हा चित्रपट. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गोल्डन लायन हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, जगभरात १०० कोटी डॉलरच्या वर धंदा झाला. तेव्हा ‘चालला’ हे तुमचं म्हणणं खरंच आहे. पण काय चाललं हे नीट बघू या. ऑस्करची ११ नामांकनं होती, पटकथेचंही होतं. मिळाले दोन पुरस्कार: वाकीन फीनिक्सला अभिनयासाठी आणि हिल्डूर गुडनाडोट्टिरला संगीतासाठी. पुरस्कार म्हणजे अंतिम निकाल असं मी मानत नाही, पण या दोन नावांवरून चित्रपटाची ताकद कुठे होती याचा अंदाज येतो.

त्यातली समुपदेशक बाई आठवा. आर्थर फ्लेक, म्हणजे पुढे जोकर होणारा माणूस, तिच्याकडे नियमित जातो. एक दिवस ती सांगते की निधी कापला आहे, हे केंद्र बंद होतंय. मग ती म्हणते की वरच्यांना तुझ्यासारख्यांची काही पडलेली नाही, आणि माझ्यासारख्यांचीही नाही. हे वाक्य खरं आहे. तरी मला ते नेहमी लेखकाचं वाटतं; बाईच्या मागे उभं राहून कुणीतरी ते आपल्याला सांगतंय असं वाटतं. त्याच प्रसंगात आर्थर विचारतो की मग माझी औषधं आता कुठून मिळणार, मी बोलू कुणाशी. इथे माझ्या पोटात खड्डा पडतो. सरकारी कपातीचा सगळा अर्थ त्या प्रश्नात आला, कारण त्याला खरोखर गोळ्या हव्या आहेत. समोरच्या माणसाकडून त्याला काहीतरी पाहिजे आहे. बाईच्या त्या वाक्याला समोरच्याकडून काहीच नको आहे, ते फक्त आपल्याला शहाणं करायला आलं आहे.

याच चित्रपटात त्याहून मोठी एक जागा आहे. घरी आलेल्या रँडल या जुन्या सहकाऱ्याला आर्थर ठार करतो. सोबत आलेला गॅरी हा बुटका सहकारी कोपऱ्यात थिजलेला असतो. आर्थर त्याला म्हणतो, तू जा. गॅरी कसाबसा दारापाशी पोचतो आणि दाराची साखळी त्याच्या हाताला लागत नाही. ती नेहमीच्या उंचीच्या माणसासाठी लावलेली आहे. त्याला मागे वळून, अंगावर रक्त उडालेल्या खुन्यालाच सांगावं लागतं की जरा कडी काढ. जग कुणाच्या मापाने बांधलेलं आहे आणि कुणाला रोज मागे वळून विनवणी करावी लागते, हे सांगायला इथे एक शब्दही लागलेला नाही. लिहिणाऱ्याने फक्त साखळी किती उंचीवर असते याचा विचार केला. या जागेसाठी मी तो चित्रपट माझ्याकडे येणाऱ्या मुलांना पुन्हा पुन्हा दाखवते.

मग ते शेवटचं भाषण. मरे फ्रँकलिनच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात आर्थर बोलतो: कुणी कुणाशी नीट वागत नाही, मी रस्त्यात मरून पडलो असतो तर तुम्ही मला ओलांडून गेला असता, वगैरे. यातलं जवळजवळ सगळं आपण आधीच्या दीड तासात पाहिलेलं आहे. माझ्या मते भाषण म्हणून ते पडतं. तरीही आपण श्वास रोखून बसतो, कारण त्याच्याजवळ पिस्तूल आहे हे आपल्याला ठाऊक आहे, आणि घरी त्याने याच मुलाखतीत स्वतःला गोळी घालायची तालीम केलेलीही आपण पाहिली आहे. आपले कान शब्दांवर कमी आणि डोळे त्याच्या हातावर जास्त असतात. भाषण तगतं ते त्या पिस्तुलावर. तुमच्या पान ९१ वर असं काही टांगलेलं आहे का? तुम्ही लिहिल्याप्रमाणे पुतण्या तोवर सुखरूप सुटलेला आहे आणि पोलीस बाहेर वाट बघत उभे आहेत. म्हणजे बोलून काही व्हायचं नाही, न बोलून काही थांबायचं नाही. तुमचं खटकण्याचं पहिलं कारण मला हे दिसतं.

आणि त्या चित्रपटाचा सगळ्यात लक्षात राहिलेला क्षण तर मुका आहे. भुयारी रेल्वेतल्या खुनांनंतर आर्थर एका स्वच्छतागृहात शिरतो आणि हळूहळू नाचायला लागतो. दिग्दर्शकाने मुलाखतींत सांगितलंय की पटकथेत तिथे वेगळं होतं, त्याने पिस्तूल लपवायचं, आरशात बघायचं असं. सेटवर ते पटेना. तेव्हा फिलिप्सने चित्रीकरणाआधीच तयार झालेली चेलोची धून लावली आणि फीनिक्सचं अंग हलायला लागलं. खलनायकाचा जन्म तिथे होतो, आणि तो काहीही बोलत नाही.

लांब बोलणं म्हणजे वाईट, असं मात्र तुम्ही यातून काढू नका. १९३१ चा फ्रिट्झ लांगचा ‘एम’ मिळाला तर बघा. मुलांचे खून करणारा हान्स बेकर्ट (पीटर लोर) गुन्हेगारांच्याच टोळीच्या हाती लागतो. ते त्याला एका बंद पडलेल्या कारखान्यात नेऊन त्याच्यावर खटला चालवतात. तिथे तो खूप बोलतो. रस्त्यावरून चालताना आपलाच कुणीतरी आपल्या पाठीशी लागतो, आपल्याला थांबता येत नाही, असं किंचाळत सांगतो. हे बोलणं जड का वाटत नाही? कारण त्याला जगायचं आहे. समोरची गर्दी त्याला मारायला टपलेली आहे, त्यांचं मन वळलं तरच तो वाचेल. शिवाय न्यायाधीशाच्या जागी बसलेला माणूस स्वतः खुनांसाठी पोलिसांना हवा आहे. बेकर्टचा बचाव करणारा माणूस हे एका वाक्यात बोलून टाकतो, बाकी लांग फक्त त्याला त्या खुर्चीत बसवतो. आणि इतकं सगळं झाल्यावर शेवटचा शब्द खुन्याला मिळत नाही. तो एका आईला मिळतो: याने आमची मुलं परत येणार नाहीत, मुलांवर नीट लक्ष ठेवायला हवं. बघा, हा तर उघड संदेश आहे, एका वाक्यात. पण तो बोलायचा हक्क जिने किंमत मोजली तिचा आहे, म्हणून आपण तो मुकाट्याने ऐकतो.

माझा स्वतःचा धडा मला एका नाटकाने दिला. त्यात जमिनीचा एक दलाल होता. एका विधवेचा अंगठा घेऊन तिची तीन एकर तो पदरात पाडून घेतो. अंगठा घेतल्यावर मी त्याला पल्लेदार संवाद दिला होता: मी नाही घेतली तर दुसरा घेईल, शहर गावाला गिळायला निघालंय, मी फक्त त्याचे दात आहे. तालमीत सगळे खूश होते. एका तालुक्याच्या गावच्या प्रयोगात त्यावर कडकडून टाळी पडली. मी विंगेत उभी होते, मला आनंदच झाला. प्रयोगानंतर विधवेचं काम करणारी मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘ताई, टाळी पडली तेव्हा मला कळेना मी कुठे बघू.’ तिच्या अंगठ्याला शाई तशीच होती.

ती रात्र मला झोप लागली नाही. जिची जमीन गेली ती रंगमंचावर उभी होती आणि लोक घेणाऱ्याला टाळी देत होते, कारण त्याने आपल्या पापाचा अर्थ स्वतःच इतक्या छान भाषेत सांगितला होता की प्रेक्षकाला करायला काही उरलंच नव्हतं. पुढच्या प्रयोगाआधी मी तो सगळा संवाद काढला. नट नाराज झाला, आणि ते मी समजू शकते, टाळीचं वाक्य काढून घेतलं की नटाला घास हिरावल्यासारखं होतं. त्याऐवजी मी त्याला खिशातला रुमाल दिला. तो विधवेचा अंगठा हलक्या हाताने पुसतो आणि म्हणतो, ‘शाई लवकर निघत नाही. खोबरेल लावा.’ त्यानंतर त्या जागी एकदाही टाळी पडली नाही. सभागृहात असा सन्नाटा व्हायचा की पंख्याचा आवाज ऐकू यायचा. तो नटच नंतर म्हणाला की आता मला माझीच भीती वाटते.

तेव्हापासून खलनायकाचं कुठलंही मोठं वाक्य लिहिताना मी स्वतःला विचारते की हा हे कुणाला सांगतोय आणि त्याला त्या माणसाकडून काय हवंय. उत्तर ‘प्रेक्षकाला’ असं आलं की ते वाक्य माझं असतं, त्याचं नसतं. पुढचं मी हल्ली विचारायला लागले, आणि तुमच्यासाठी तेच जास्त कामाचं आहे: बोलताना हा काय लपवतोय? माणूस स्वतःची बाजू मांडतो तेव्हा काहीतरी वगळतोच. प्रेक्षकाने ते वगळलेलं आधी पाहिलेलं असेल, तर त्याच्या अगदी खऱ्या वाक्यालाही धार येते. ऐकणारा मनात म्हणतो, ‘हे खरं आहे, पण तू ते सांगत नाहीयेस.’

भाषेबद्दलही थोडं. मराठीत हा बिघाड ओळखायला सोपा आहे. पात्र संदेशाकडे वळलं की त्याची बोली गळून पडते आणि वर्तमानपत्रातले शब्द यायला लागतात: व्यवस्था, समाज, शोषण, वंचित, घटक. तुमच्या साडेतीन पानांत हे शब्द किती वेळा येतात ते मोजा. काट्यावरच्या माणसाचं जग चिटबॉय, शेतकी खातं, मुकादम, टोळी, कोयता, उचल, गव्हाण या शब्दांनी भरलेलं असतं. त्याला व्यवस्था म्हणायची असेल तर तो एखाद्या साहेबाचं नाव घेईल, किंवा रात्री दोन वाजता खिडकीतून आलेली चिठ्ठी सांगेल.

आणि साखर कारखान्याचीच गोष्ट करताय तर ‘सामना’ तुम्ही पाहिला असेलच. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील सहकारावर, सत्तेवर, गरिबावर प्रवचनं देत बसत नाही. पाहुणचार करतो, हळू आवाजात बोलतो. आणि श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर एकच विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं. पन्नास वर्षं झाली, आपल्याकडे तो प्रश्न म्हणीसारखा वापरला जातो. त्या प्रश्नात ना समाज आहे ना व्यवस्था. एक नाव आहे आणि त्या नावाचा माणूस दिसत नाही, एवढंच.

आता तुमच्या काढून टाकलेल्या प्रसंगाकडे. तुम्हाला वाटलं, नायक माप मारताना दिसला की लोक त्याला टाकतील. मला उलट वाटतं. तो प्रसंग गेल्यामुळेच तुमच्या माणसाच्या हातून काही झालेलं उरलं नाही, जे झालं ते सगळं त्याच्यावर झालं. मग पान ९१ वर त्याचं म्हणणं आणि चित्रपटाचं म्हणणं तंतोतंत एकच होतं. संशयाला, विरोधाला, प्रेक्षकाच्या स्वतःच्या मताला फटच राहत नाही. तो आरोपीही तोच, वकीलही तोच आणि निकाल देणाराही तोच. भाषण वाटतं ते यामुळे. नुसते शब्द कमी करून हे जाणार नाही. साडेतीन पानांचं एक पान केलंत तरी ते भाषणच राहील.

काट्याचं काम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, पण त्यात जे नाट्य आहे ते सांगते. भरलेली गाडी काट्यावर येते, वजन होतं. गव्हाणीत, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायच्या जागी, ऊस उतरवून रिकामी गाडी परत काट्यावर येते, पुन्हा वजन होतं. वजाबाकी म्हणजे ऊस. रिकाम्या गाडीचं वजन थोडं वाढवून लिहिलं की तेवढा ऊस कागदावरून नाहीसा होतो. नुकसान शेतकऱ्याच्या बिलात दिसतं, ते सगळ्यांना कळतं. पण तोडणीवाल्यांची मजुरीही टनावरच असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यांनी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती टनांनीच फेडायची असते. कागदावर टन कमी भरले की उचल फिटत नाही आणि पुढच्या हंगामालाही तेच गळ्यात येतं. म्हणजे ज्याच्यावर पुढे अन्याय होणार आहे, तोच माणूस रोज रात्री एका पेनाने त्याच्याहून खालच्या कुणाचं तरी पुढचं वर्ष खातोय.

हा प्रसंग पान १२ वर परत घ्या. थंडीची रात्र, गाड्यांची रांग. एक तोडणीवाली बाई खिडकीशी येऊन विचारते, ‘दादा, किती भरलं?’ पडद्यावरचा आकडा आपल्याला दिसतो. तो तिला दुसरा सांगतो. ती मान डोलावून जाते, तिला वाचता येत नाही. त्याने चेहऱ्यावर काही दाखवू नये, एखादा उसासाही नको. तो कप पुढे करतो, चहावाला पोऱ्या चहा ओततो, पुढची गाडी येते. एवढंच, जास्तीत जास्त पाऊण पान. प्रेक्षक त्याला टाकणार नाहीत. साहेबाची चिठ्ठी आलेली आधी दाखवली असेल तर तो कुठे अडकलाय हेही त्यांना कळेल.

मग पान ९१ वर या. कॅमेरा समोर आहे. त्याला काहीतरी हवं असू द्या. पुतण्या अजून सुटलेला नसावा, किंवा निदान कुठे ठेवलाय ते फक्त त्यालाच माहीत असावं, म्हणजे त्याच्या प्रत्येक वाक्याला वजन येईल. त्याला चेअरमनविषयी बोलू द्या, नावं घेऊ द्या, चिठ्ठ्या सांगू द्या. सगळं खरं बोलू द्या. फक्त त्या बाईविषयी त्याने बोलू नये. वार्ताहराने विचारलं, ‘यात तुमचा काही दोष?’, तर त्याने गप्प राहावं, किंवा पाणी मागावं.

साडेतीन पानांतलं तेव्हा किती उरतं ते बघा. माझ्या अंदाजाने अर्धं पान उरेल, आणि त्यात ‘समाज’ हा शब्द एकदा राहिला तरी कुणी तुम्हाला अडवणार नाही, कारण पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तेव्हा खिडकीशी उभी असलेली ती बाई असेल. हा ड्राफ्ट झाला की पूर्ण पटकथा लगेच कुणाला देऊ नका. पान १२ आणि पान ९१ एवढंच, पूर्वी न वाचलेल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, आणि तो माणूस कुठल्या वाक्याला मान वर करून तुमच्याकडे बघतो तेवढी खूण करून ठेवा.